ओसाका गल्लीबोळांतून फिरायचंय, कुठल्या कुठल्या भागांत जावं?

आळशी_मुंगी

नमस्कार लोक्स. मार्चच्या मध्यापासून पुढे आम्ही ओसाकाला असू. नवऱ्याचं तिथे ऑफिसचं काम आहे, तो सकाळी जाणार तो रात्रीच उगवणार, म्हणजे दिवसभर मी आणि माझे सासरे (सत्तरी ओलांडलीय पण डोंबिवलीत रोज सकाळी तासभर चालतात, त्यांच्याबरोबर गेलं तर दमते मीच). युट्यूबवर बघावं तर सगळे तेच ते दाखवतात, दोतोनबोरीचा तो जाहिरातीच्या पाटीवरचा हात वर करून पळणारा माणूस, किल्ला, ताकोयाकी (ऑक्टोपसचे गोळे), आणि दुसऱ्या दिवशी बॅगा उचलून क्योतो. क्योतो आणि नारा आम्ही सुट्टीच्या दिवशी तिघं मिळून करू, बाकीचा वेळ मला ओसाकालाच द्यायचाय. सासऱ्यांना उंच इमारतीत वगैरे काही इंटरेस्ट नाही, त्यांना बाजार, जुनी घरं, कुठे कोण काय धंदा करतं हे बघायला आवडतं, तासनतास उभे राहतात एखाद्या दुकानासमोर. मला कॅफे आणि किडुकमिडुक वस्तूंची दुकानं चालतील.

तर प्रश्न असे की हॉटेल उमेदाला घ्यावं का नाम्बाला? एकमेकांपासून खरंच वेगळे वाटतील असे भाग कुठले, की सगळीकडे तेच मॉल आणि तीच झगमग? शिन-इमामिया स्टेशनजवळ हॉटेलं खूपच स्वस्त दिसतायत पण रिव्ह्यूमध्ये लोक 'एरिया चांगला नाही' म्हणतात, ते काय प्रकरण आहे? आणि सासरे शुद्ध शाकाहारी, अंडंसुद्धा नाही. त्यांच्या पोटाचं काय करायचं ते सांगा प्लीज.

खाडीपलीकडे

ताई, मी बरीच वर्षं साकाईला राहतो, म्हणजे ओसाकाच्या दक्षिणेला अगदी खेटून, नोकरीला रोज ओसाकात. तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं कारण आमच्याकडे येणारे सगळे पाहुणे दोतोनबोरीत फोटो काढून 'झालं ओसाका' म्हणतात.

आधी शहराची ठेवण समजून घ्या, मग फिरायला मजा येईल. ओसाका बहुतेक सगळं सपाट आहे, नदीच्या गाळावर आणि भराव टाकून केलेल्या जमिनीवर वसलेलं. उंचवटा एकच, उत्तर-दक्षिण पसरलेलं उएमाचीचं पठार. किल्ला त्याच्या उत्तर टोकाला, दक्षिणेकडे शितेन्नोजी मंदिर, जे राजपुत्र शोतोकूने ५९३ साली उभारलं असं मानतात. म्हणजे जुनी देवळं आणि सत्ता वर, व्यापार आणि गोद्या खाली पाण्याशी, आणि कारखाने आणि मजूर त्याहून खाली समुद्राकडे. आजही तेन्नोजीजवळ त्या पठारावरून पश्चिमेला उतरणारे सात चढ आहेत, दगडी पायऱ्या, दोन्ही बाजूंना देवळांच्या भिंती, आणि उतरून दहा-पंधरा मिनिटं चाललं की तुम्ही शिनसेकाईच्या तळणाच्या वासात. ओसाकातला सगळ्यात मोठा फरक मला तरी त्या उतारावर दिसतो, उत्तर-दक्षिण असं सगळे सांगतात ते नंतर.

आता उत्तर-दक्षिण. उत्तरेला 'किता' म्हणजे उमेदा, ऑफिसं, डिपार्टमेंट स्टोअर्स, सुटाबुटातली माणसं. स्टेशनातच डिपार्टमेंट स्टोअर ही आयडिया इथलीच, हानक्यू रेल्वेने १९२९ ला काढलं. दक्षिणेला 'मिनामी' म्हणजे नाम्बा, शिन्साइबाशी, दोतोनबोरी, खाणं-पिणं, नाटकं, आरडाओरडा. दोन्हींना जोडणारा मिदोसुजी रस्ता, १९३७ ला पूर्ण झाला, खालून लाल मेट्रो १९३३ पासून. हा रस्ता तुम्ही दोघं एकदा उत्तरेकडून दक्षिणेकडे चालतच करा, चारेक किलोमीटर आहे, दर पंधरा मिनिटांनी शहर बदलतं. आधी नाकानोशिमा, दोन नद्यांच्या मधलं बेट, तिथे लाल विटांचं १९१८ चं सार्वजनिक सभागृह आणि शेजारी १९०४ ची लायब्ररी. मग किताहामा आणि दोशोमाची, जिथे एडो काळापासून (म्हणजे सतराव्या शतकापासून) औषधांचा घाऊक धंदा चालत आलाय, मोठमोठ्या जपानी औषध कंपन्या या एका रस्त्यातून निघाल्या, आणि गल्लीत औषधवाल्यांचा स्वतःचा देव पण आहे. तिथून जवळच तेकिजुकू, ओगाता कोआन नावाच्या डॉक्टरने १८३८ मध्ये काढलेली डच वैद्यकाची शाळा, काचेच्या टॉवर्समध्ये लाकडी घर तसंच उभं. सासऱ्यांना हा पट्टा आवडणार याची मी गॅरंटी देतो.

हॉटेल मी तेन्नोजीला घ्यायला सांगेन. मेट्रोच्या दोन लाइन्स, जेआर (जपान रेल्वे), ट्राम, एअरपोर्टहून येणारी हारुका गाडी, सगळं तिथे. आणि रात्री नाम्बाचा गोंगाट नाही.

काळा_चहा

तेन्नोजीला +१. उमेदा बघायला जा पण राहू नका, मेट्रो, जेआर, हानक्यू, हानशिन सगळ्यांची स्टेशनं आणि त्यांना जोडणारी जमिनीखालची दुकानं इतकी एकमेकांत गुंतलीयत की जपानी लोकसुद्धा पाट्या वाचत उभे असतात. रोज संध्याकाळी पाय दुखत असताना ते कोडं कोण सोडवत बसणार.

उमेदाला गेलात की मात्र नाकाझाकिचो चुकवू नका, चालत दहाएक मिनिटं. १९४५ च्या बॉम्बहल्ल्यांत हा तुकडा जळायचा वाचला म्हणून युद्धाआधीची लाकडी चाळघरं (त्याला तिकडे नागाया म्हणतात) अजून आहेत, आणि त्यात आता तरुण पोरापोरींनी कॅफे, जुन्या कपड्यांची दुकानं, हाताने केलेल्या दागिन्यांची दुकानं थाटलीयत. एकाच गल्लीत एका दारात कुंड्यांना पाणी घालणाऱ्या आजी आणि शेजारच्या दारात सहा सीटचा कॅफे जिथे कॉफी यायला वीस मिनिटं लागतात. दुकानं उशिरा उघडतात, दुपारी जा. लोक राहतात तिथे, दारात उभं राहून फोटोसेशन करू नका, तशा पाट्याही लावल्यात बऱ्याच ठिकाणी.

मला स्वतःला त्याहून काराहोरी जास्त आवडलं, तानिमाची ६-चोमे स्टेशनजवळ. तीच जुनी घरं, पण उतारावर, पायऱ्या-पायऱ्यांच्या बोळात, आणि मधोमध साधा बाजार, कोम्बू (समुद्री शेवाळ), मासळी, भाजी. सोळाव्या शतकातला सत्ताधीश हिदेयोशी, त्याच्या किल्ल्याच्या बाहेरचा कोरडा खंदक होता तिथे. नाकाझाकिचो आता जरा जास्तच इन्स्टाग्रामसाठी झालंय (माझं मत, भांडू नका).

आणि तेन्जिनबाशिसुजी! छपराखालचा बाजार, २.६ किलोमीटर लांब, जपानमधला सगळ्यात लांब म्हणतात. तिथे टुरिस्टांसाठी काही नाही हीच गंमत. चष्मे, चपला, पाचिन्को (जुगारासारखा गोळ्यांच्या मशीनचा खेळ), सुरे, पुस्तकं, कोरोक्के (तळलेले बटाट्याचे कटलेट). सहाव्या चोमेच्या (विभागाच्या) टोकाला एका इमारतीच्या वरच्या मजल्यांवर घरांचं म्युझियम आहे, १८३० च्या आसपासची ओसाकाची अख्खी गल्लीच उभी केलीय आत, घरांत शिरता येतं. मंगळवारी बंद असतं.

टिंगू_मास्तर

वरच्या दोघांनी छान लिहिलंय पण ओसाका कामगारांचं शहर होतं हे कोणी सांगितलंच नाही, आणि आपल्याला तर ते माहीत पाहिजे कारण आपला थेट संबंध आहे.

१८८२ ला ओसाका स्पिनिंग कंपनी निघाली आणि पुढच्या वर्षी सान्गेन्याला गिरणी सुरू झाली, आज तो भाग तैशो वॉर्डात येतो. वाफेवर चालणारी, दिवस-रात्र पाळ्या. तिच्या यशानंतर गिरण्यांची रांग लागली आणि ओसाकाला पूर्वेचं मँचेस्टर म्हणायला लागले. आता एवढा कापूस आणायचा कुठून? आधी चीन, मग मुंबई. पण मुंबईहून जपानला माल न्यायची मक्तेदारी पी अँड ओ वगैरे युरोपियन बोट कंपन्यांची, भाडं अवाच्या सवा. म्हणून १८९३ मध्ये जमशेटजी टाटा आणि निप्पोन युसेन काइशा या जपानी कंपनीने मिळून मुंबई-कोबे बोट सुरू केली. म्हणजे वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबईच्या कॉटन ग्रीनवरून, त्याआधी कुलाब्याहून, कोबेला आणि तिथून ओसाकाच्या चात्यांवर. पुढे याच ओसाकाच्या स्वस्त कापडाने मुंबईच्या गिरण्यांच्या नाकी नऊ आणले तो भाग वेगळा.

कापूस मुंबईहून आणि माणसं? ओकिनावाहून आणि कोरियाहून. १९२० च्या दशकात साखरेचे भाव पडून ओकिनावात उपासमार झाली, पोरी गिरण्यांत आणि पुरुष लाकडाच्या वखारीत कामाला आले, बरेचसे तैशोला राहिले. आजही तैशोच्या हिराओ बाजारात ओकिनावाचे नूडल, कडू कारली, सानशिन (तीन तारांचं वाद्य) वाजवणारे. स्टेशनवरून बस आहे. चकचकीत काही नाही, निम्मी शटरं बंद असतील, पण शहराची दुसरी बाजू बघायचीय ना.

त्याच काळात कोरियाच्या जेजू बेटावरून ओसाकाला थेट बोट चालू झाली आणि तिथली माणसं इकुनो भागातल्या छोट्या कारखान्यांत आली. त्सुरुहाशी स्टेशनवर उतरलात की प्लॅटफॉर्मवरच मांस भाजल्याचा वास येतो (सासऱ्यांना आधी सांगून ठेवा). रुळांखालचा बाजार युद्धानंतरच्या काळ्या बाजारातून वाढलेला, बोळ इतके अरुंद की दोन माणसं तिरकी होऊन जातात. तिथून चालत गेलं की कोरियाटाऊन, आता के-पॉपवाल्या पोरींची गर्दी. पूर्वी जपानी लोक तिकडे फिरकत नसत, आता रांगा लावतात. इकुनोत आज साधारण पाचातला एक माणूस परदेशी नागरिक आहे, जपानमध्ये हे फार म्हणजे फारच मोठं प्रमाण झालं.

नुसते नाकाझाकिचोचे कॅफे करून आलात तर अर्धंच ओसाका बघितलं असं मी म्हणेन.

आळशी_मुंगी

अरे बापरे, इतकं सगळं! सगळ्यांना धन्यवाद. टिंगू_मास्तर, तुमचं उत्तर सासऱ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं. ते संपापर्यंत लालबागला एका गिरणीत होते, कताई खात्यात. मुंबई-कोबे बोटीचं ऐकून आधी थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले 'मँचेस्टर, मँचेस्टर करायचे आमचे मास्तर लोक, जपानचं कोणी बोलायचंच नाही'. आता त्यांना ती गिरणीची जागा बघायचीय आणि शिवाय कापडाचा बाजार कुठे असेल तर तोही. आहे का काही? आणि शिन-इमामियाबद्दल कोणीच बोललं नाही अजून.

खाडीपलीकडे

गिरणीच्या जागी आता बघण्यासारखं विशेष काही उरलेलं नाही, तेवढ्यासाठी मुद्दाम जाऊ नका. कापडाला सेन्बा. होन्माचीपासून साकाइसुजी-होन्माचीपर्यंत एक उड्डाणपूल आहे, जवळजवळ किलोमीटरभर, आणि त्या पुलाच्या पोटात सलग दहा इमारती, सेन्बा सेंटर बिल्डिंग, १९७० ची. आत घाऊक कापडवाले, तयार कपडे, बटणं, अस्तर. वरून एक्स्प्रेसवे धावतोय, खालून मेट्रो आणि मध्ये कापडाचे तागे घेऊन बसलेले म्हातारे दुकानदार. काही ठिकाणी फक्त व्यापाऱ्यांनाच विकतात, तशी पाटी असते, पण बघायला कोणी ना म्हणत नाही. रविवारी बरंच बंद.

तैशोला जाणारच असाल तर होडीत बसा. ओसाका महापालिका अजून आठ ठिकाणी नदी ओलांडायच्या होड्या चालवते, पूर्ण फुकट, सायकलसकट. सेन्बोनमात्सूची होडी घ्या. बाजूला पूल आहे १९७३ चा, खालून जहाजं जावीत म्हणून इतका उंच केलाय की दोन्ही टोकांना रस्ता चकलीसारखा गोल गोल फिरवून वर चढवलाय. आता चालत किंवा सायकलवर कोण चढणार ते, म्हणून लोकांनी होडी बंद करू दिली नाही. कामगार, शाळेची पोरं, भाजीच्या पिशव्या, आणि आजूबाजूला सगळी गोदामं आणि लोखंडाचे कारखाने. एका मिनिटात पलीकडे.

शिन-इमामियाचं सांगतो. स्टेशनच्या उत्तरेला शिनसेकाई, दक्षिणेला निशिनारी वॉर्डातला कामागासाकी. शिनसेकाई १९१२ ला बांधलं, १९०३ च्या मोठ्या औद्योगिक प्रदर्शनाच्या जागेवर, उत्तरेचा अर्धा भाग पॅरिससारखा आणि दक्षिणेचा न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडसारखा करायचा बेत होता. त्सुतेनकाकू मनोरा तेव्हाचाच, तो युद्धात मोडून काढला, आत्ताचा १९५६ चा, तोक्यो टॉवरवाल्याच नाइतो ताचूने केलेला. आता तिथे कुशिकात्सूची (काडीला लावून तळलेले पदार्थ) दुकानं, तळपाय चोळला की नशीब उघडतं म्हणतात तो बिलिकेन, आणि जान-जान योकोचो गल्लीत काचेपलीकडे शोगी खेळणारे आजोबा. सासरे बुद्धिबळ खेळत असतील तर ते तिथून हलणार नाहीत.

कामागासाकी म्हणजे रोजंदारी मजुरांची वस्ती. १९७० च्या एक्स्पोच्या (जागतिक प्रदर्शनाच्या) बांधकामाला देशभरातून एकटे पुरुष आले, तीन चटयांच्या खोल्यांत राहिले, पहाटे नाक्यावर उभं राहून काम मिळवायचं. नंतर मंदी आली, ते म्हातारे झाले, बरेच रस्त्यावर आले. त्याच खोल्यांची आता स्वस्त हॉटेलं झालीयत. २०२२ मध्ये स्टेशनसमोरच एका बड्या रिसॉर्ट ग्रुपचं झकपक हॉटेल उघडलं, लॉन वगैरे. धोका म्हणाल तर पाकीट मारणं, अंगावर येणं असं मी कधी बघितलं नाही, दिवसा रस्त्यावर दारू प्यायलेली माणसं दिसतात एवढंच. पण खोल्या लहान, बाथरूम कॉमन, सासऱ्यांसाठी नको.

वडगावकर

असहमत. धोका नाही हे मान्य, पण गिरणीकामगार सासऱ्यांना घेऊन 'ही बघा गरिबांची वस्ती' म्हणून फिरवायचं का? आम्ही राहिलो होतो तिथे. सकाळी भाताच्या रांगेत उभ्या असलेल्या म्हाताऱ्यांचे फोटो काढणारे गोरे टुरिस्ट बघून डोकं फिरलं माझं. आपल्या धारावीत येऊन तेच करतात तेव्हा आपण चिडतो ना? शिनसेकाई करा, मनोरा बघा आणि स्टेशनवरून परत फिरा. आणि त्याच्याच दक्षिणेला तोबिताची 'ती' गल्ली आहे, गूगल मॅप सरळ तिथून नेतो, घरच्या वडीलधाऱ्यांबरोबर अजिबात नको.

टिंगू_मास्तर

वडगावकर, फोटोबद्दल शंभर टक्के बरोबर. तोबितात तर फोटो काढलेला चालतच नाही. पण 'परत फिरा' हे पटत नाही. त्या माणसांनी एक्स्पो बांधला, हायवे बांधले, बोगदे खणले, आणि शहराने त्यांच्याकडे पाठ फिरवली, आता आपणही तेच करायचं? तिथे कोकोरूम नावाचं ठिकाण आहे, कॅफे, गेस्टहाऊस, मागे बाग. एका कवयित्रीने सुरू केलेली संस्था चालवते, वस्तीतल्या लोकांबरोबर कवितेचे वगैरे वर्ग घेतात, कामागासाकी कला विद्यापीठ म्हणून २०१२ पासून. तिथे चहा प्यायला जा, बसा, कोणी बोललं तर बोला. गिरणीच्या संपातून गेलेल्या माणसाला त्या आजोबांशी बोलायला काही जड जाणार नाही, भाषा नसली तरी.

वडगावकर

तसं असेल तर ठीक. कॅमेरा पिशवीत.

मेतकूट_भात

खाण्यावर मी बोलते, कारण माझी आई वैष्णव आणि आम्ही दोघींनी ओसाका केलंय. एक लक्षात ठेवा की तिथे अडचण मांसाची नाही, दाशीची आहे. उदोन असो, सूप असो, उकडलेली भाजी असो, त्यात सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी असतं. तळलेल्या तोफूचं कित्सुने उदोन मेन्यूत निरागस दिसतं पण रस्सा माशाचाच. ओकोनोमियाकीत (कोबीचं जाड धिरडं) अंडं आणि वर माशाच्या कात्रणाची उधळण. कुशिकात्सू कमळकाकडीचं, भोपळ्याचं मिळतं पण पिठात अंडं आणि तेल सगळ्यांना एकच, कित्येक ठिकाणी प्राण्यांच्या चरबीचं. कोरियाटाऊनमध्ये किमची दिसेल, त्यात मीठ घातलेली कोळंबी किंवा माशाचा सॉस असतो बहुतेक वेळा. खाडीपलीकडे बुवा, बाजारांची नावं भराभर सांगितलीत पण खायचं काय ते सांगितलंच नाहीत :)

मग खायचं काय. गोड सगळं चालतं, दाइफुकू, दांगो, लाल चवळीच्या सारणाचे पदार्थ, डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात जा, नुसती नजर फिरवली तरी पोट भरतं (काहींत अंडं असतं, विचारा). भाजलेली रताळी तर सुपरमार्केटच्या दारातच गरम गरम मिळतात. भात, तोफू, काकडीचे रोल, फळं. भारतीय-नेपाळी हॉटेलं प्रत्येक मोठ्या स्टेशनजवळ आहेत, डाळ आणि नान मिळतंच. ओसाकाची हल्लीची स्पाइस करी फार नावाजलेली आहे पण बऱ्याच जणांत मांस किंवा दाशी, त्यामुळे तुम्ही खा, सासऱ्यांना नको. 'शाकाहारी' शब्द दाखवून भागत नाही, मासे, दाशी, अंडं, मांस नको असं वेगवेगळं जपानीत लिहून फोनमध्ये ठेवा. आणि घरून मेतकूट न्या. माझ्या आयडीवरून कळलंच असेल.

एक दिवस कोयासानला काढा. नाम्बाहून नानकाई रेल्वे, मग केबल कार, दोन-अडीच तास. तिथल्या मठांत शोजिन र्योरी मिळतं, साधूंचं जेवण, मांस-मासे काहीच नाही, कांदा-लसूण पण नाही. आणि कोयासान विद्यापीठात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा आहे, २०१५ ला आपल्या मुख्यमंत्र्यांच्या हस्ते अनावरण झालं, फडणवीस होते तेव्हा. आईला त्या डोंगरातल्या थंडीत तो पुतळा दिसल्यावर इतकं भरून आलं होतं. मार्चमध्ये वर चांगलीच थंडी असते, स्वेटर ठेवा.

काळा_चहा

मिनामीची बाजू कोणीच घेत नाहीये म्हणून मी घेतो. दोतोनबोरीत संध्याकाळी एकदा जाच, धक्काबुक्की होईल, हॉटेलच्या पाटीवरचा भलामोठा खेकडा हलताना बघा, पळणारा माणूस बघा (पहिला १९३५ चा, आत्ताचा सहावा, २०१४ पासून), आणि मग तिथून एक मिनिट आत होझेनजीच्या बोळात वळा. दगडी फरशी, कंदील, आणि हिरव्यागार शेवाळाने पूर्ण झाकलेला फुदो देवाचा पुतळा, लोक त्याच्यावर पाणी ओततात म्हणून तसा झालाय. खरं तर इथला सेन्निचिमाए भाग पूर्वी स्मशान आणि फाशीचं मैदान होता, मग तमाशा-नाटकं आली, मग सिनेमा, मग पाचिन्को. सासऱ्यांना दोगुयासुजी दाखवा, हॉटेलवाल्यांसाठी भांड्यांची गल्ली, ताकोयाकीचे तवे, कंदील, मेणाचे वाटणारे प्लॅस्टिकचे पदार्थ. कुरोमोन बाजार मात्र आता टुरिस्ट भावाचा झालाय, त्यापेक्षा तेन्जिनबाशिसुजी बरा.

तिथून जवळच राष्ट्रीय बुनराकू थिएटर आहे. एका बाहुलीला तीन माणसं नाचवतात आणि बाजूला एक माणूस सगळ्या पात्रांचे आवाज काढून रडतो-ओरडतो. प्रयोग असतील त्या महिन्यात एकाच अंकाचं तिकीट मिळतं का बघा, अख्खा प्रयोग फार लांब असतो.

आणि हो, सरकत्या जिन्यावर उजवीकडे उभं राहतात, तोक्योत डावीकडे. मागचे लोक काही बोलत नाहीत, नुसते श्वास सोडतात.

आळशी_मुंगी

मेतकूट आधीच बॅगेत पडलंय. तेन्नोजीला हॉटेल बुक केलं, पठारावर आहे, सात चढांपासून जवळ. आम्ही २१ तारखेला तिथेच असू, त्या दिवशी शितेन्नोजीला बाजार असतो असं कुठेतरी वाचलं, खरं का? आणि शहराभोवती गोल फिरणारी लूप लाइन आणि ट्राम यांचं तिकीट कसं असतं, एकच पास चालतो का सगळीकडे?

खाडीपलीकडे

खरं आहे, दर महिन्याला २१ आणि २२ ला आवारात जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. किमोनो, चहाचे पेले, रेडिओ, गंजलेली हत्यारं, सगळं चटईवर मांडलेलं. सकाळी लवकर जा, दुपारी तीननंतर आवराआवर सुरू होते. आणि तुम्ही येताय ते दिवस विषुवदिनाच्या आसपासचे आहेत, तेव्हा तिथे पितरांसाठी लोक येतात, प्रचंड गर्दी. पश्चिमेच्या दाराला १२९४ सालचं दगडी तोरी (देवळाची कमान) आहे, विषुवदिनाला सूर्य बरोबर त्या तोरीतून मावळतो, साधू आणि लोक तिकडे तोंड करून प्रार्थना करतात. पूर्वी पठाराच्या पायथ्यापर्यंत समुद्र होता आणि सूर्य पाण्यात बुडताना दिसायचा, आता इमारतींमागे जातो. ढग नसतील तर पाचच्या आधी जागा धरून उभे राहा, सासऱ्यांसाठी घडीचं स्टूल असेल तर न्या.

तिकिटाचं, मेट्रो आणि सिटी बसचा दिवसाचा पास मिळतो, एन्जॉय इको कार्ड, शनिवार-रविवारी आणखी स्वस्त. जेआरची लूप लाइन, नानकाई आणि ट्राम यावर तो चालत नाही, त्यासाठी इकोका कार्ड घ्या आणि टेकवत जा. लूप लाइनला १९ स्टेशनं, पूर्ण फेरीला चाळीसेक मिनिटं लागतात, पण तेन्नोजीहून पश्चिमेकडे त्याच रुळांवर नाराच्या आणि एअरपोर्टच्या गाड्याही धावतात, तेव्हा गाडीवरची पाटी वाचूनच चढा. ट्राम म्हणजे हानकाईची, तेन्नोजीसमोरूनच सुटते, एका डब्याची, लोकांच्या घरांच्या मागून, वाळत घातलेल्या कपड्यांना जवळजवळ घासत सुमियोशीच्या देवळापर्यंत जाते, तोरीच्या समोरच उतरवते. पुढे तशीच बसून राहिलात तर साकाई. सुऱ्या-चाकूंच्या कारागिरांची दुकानं आहेत इथे, स्वयंपाकघरातली धारदार सुरी घ्यायची असेल तर ओसाकात घेऊ नका, इकडे या. फक्त ती चेक-इन बॅगेत टाका, हातातल्या बॅगेत नको.